ऊन पाण्याचं बाळ

सोपानतात्या कुठल्याही पाण्यात आधी मनगटापर्यंत हात बुडवून बघत. आंघोळीची बादली असो, कालवा असो, नाहीतर बैलांचा हौद. हात बुडवायचा, डोळे मिटायचे, जरा थांबायचं आणि मग निकाल द्यायचा, "गार हाय. बेस हाय." पौषातल्या थंडीत आमचं सगळं कन्हेरी गाव चुलीला चिकटून बसलेलं असताना ते माझ्या आईनं तापवून दिलेलं पाणी बाजूला सारायचे आणि कालव्यात बुडी मारून यायचे. "वैनी, ऊन पाणी बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो," असं म्हणायचे. आई हसायची. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

हे आधीच सांगितलेलं बरं. तात्यांविषयी मी जे काही लिहीन त्यात ते मिसळलेलं असणारच. मी त्या माणसाचा हेवा केला. थोडाथोडका नाही. जेवताना केला, सायकल मारताना केला, वर्गात फळ्यावर नकाशा काढतानाही केला. आता पन्नाशीला आल्यावर त्यांचा चेहरा आठवू पाहतो तेव्हा आधी तो हेवाच वर येतो आणि मग त्याच्यामागून चेहरा.

तेव्हा मी बारामतीच्या एका शाळेत नुकताच भूगोल शिकवायला लागलो होतो. कन्हेरीहून सायकलनं जायचो, संध्याकाळी परत यायचो. घरी उसाची शेती आणि हंगामात स्वतःचं गुऱ्हाळ. माझे वडील, आबा, अबोल माणूस. त्यांना अक्षरओळख नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवत. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "लवकर आलास". पण हाक मारताना ते मला 'बाळ' म्हणत. कागदावर माझं नाव वेगळं आहे. ती हाक फक्त घरातली, आणि आबांच्या तोंडून ती आली की दोन शब्दांचं बोलणंही मला पुरेसं वाटायचं.

गुऱ्हाळात रस आटवायच्या मोठ्या कढईखाली, काहिलीखाली, जमिनीत खोदलेलं चुलवाण असतं. त्यात रस काढलेल्या उसाची वाळलेली चिपाडं सतत सारत राहावी लागतात. जाळ कमी झाला तर रस आटत नाही, जास्त झाला तर गूळ करपतो. चुलवाणाच्या तोंडाशी आबांच्या उजव्या हाताला एक पोतं अंथरलेलं असे. लहानपणापासून ती माझी जागा. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी शाळेतून आलो, सायकल लिंबाला टेकवली आणि बघतो तर त्या पोत्यावर एक काळासावळा, रुंद खांद्यांचा, डोक्याला लाल रुमाल बांधलेला माणूस बसलेला. तो हातवारे करून काही सांगत होता आणि आबा हसत होते. तोंड उघडं टाकून, मान मागं टाकून. मी आबांचे मागचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मला बघून आबा म्हणाले, "हे सोपानतात्या. आपल्या आगीवर ऱ्हानार हायत आता."

मी उभाच होतो. पोत्यावरून कोणी उठलं नाही.

तात्या इंदापूरकडचे, भीमाकाठच्या एका गावचे. विशीच्या आत घरातून पळाले, मुंबईच्या गोदीत पोचले आणि परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर कोळसा टाकायच्या कामाला लागले. अर्धं आयुष्य बोटीच्या पोटात आगीपुढं गेलं. परत आले तोवर भाऊ गेलेला, जमीन पुतण्याच्या हाती. तात्यांनी तंटा केला नाही. "जमिनीनं मला कदी बघितलंच न्हाय, ती मला कशी वळखंल?" असं म्हणून ते काम शोधत आमच्याकडे आले. बोटीवरचा कोळसा आणि गुऱ्हाळातली चिपाडं यांत त्यांना फरक वाटत नव्हता. "आग राखनाऱ्याला म्होरचं काय दिसत न्हाय," ते म्हणत, "पर बोट त्याच्याच जिवावर चालती." हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. लाजाळू माणूस नव्हता तो. आपली गोष्ट चालू असताना कोणी जांभई दिली तर थांबून त्याच्याकडे बघत राहायचे, जांभई देणारा माफी मागेपर्यंत.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट पेरू देशाची. पहिल्यांदा ती निघाली तेव्हा आमचा गुळव्या भागूजी, जो गुळाइतकाच थट्टेतही तयार होता, लगेच म्हणाला, "पेरू? म्हंजी जांबाचा देश?"

"जांब न्हाय रं. देशाचं नाव हाय त्ये."

"मग आपल्या जांबाला त्याचं नाव का?"

तात्यांना याचं उत्तर येत नव्हतं, पण ते अडले नाहीत. "तितनंच आलं आसंल. बोटीतनं पडलं आसंल येखादं." दुसऱ्या दिवशी आबांनी टोपलीभर पिकलेले पेरू आणून तात्यांपुढे ठेवले. "घ्या, तुमच्या देशाचं." आबांनी कोणाची थट्टा केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्या देशाच्या किनाऱ्यावर, तात्या सांगत, पाखरांच्या शिटेनं पांढरे पडलेले डोंगर आहेत. ती शिट म्हणजे खत. जगभरच्या बोटी ते न्यायला येतात. तात्यांची बोटही खत भरायला गेली होती आणि तात्या तापानं आडवे झाले. बोट त्यांना टाकून निघून गेली. एका कोळ्याच्या घरात त्यांनी दिवस काढले. घरातली म्हातारी त्यांना रोज माशाचं कढण पाजायची. ते उठून हिंडायला लागले तेव्हा नाताळ आला होता. एका सकाळी बघतात तर एकही होडी पाण्यात नाही. जाळी वाळूवर पसरलेली, कोळी सावलीला बसलेले.

"मी घरच्या म्हातारबाला इचारलं, का गेला न्हाय? त्यानं माझा हात धरला आन पाण्यात बुडिवला." इथं तात्या स्वतःचा हात हवेत बुडवत. "पानी ऊन! रोज बर्फावानी आसतं, त्या दिशी न्हानीतल्यावानी. म्हातारबा म्हनला, येल निन्यो."

"येळ?" भागूजी म्हणाला. "कसली येळ?"

"येळ न्हाय, येल. येल निन्यो. निन्यो म्हंजी ल्हान पोरगं. बाळ."

"कुनाचं बाळ?"

"देवाचं. त्यांचा येशूबाबा नाताळात जन्मला न्हवं का? पानी बी नाताळातच ऊन हुतं. मग म्हनत्यात, बाळ आलं."

भागूजीला ते पटेना. "आन मासळी?"

"मासळीला गार पानी लागतं. ती जाती निघून. मासळी न्हाय तर पाखरं उपाशी. पाखरं न्हायत तर शिट न्हाय. शिट न्हाय तर बोटी रिकाम्या."

"म्हंजी सगळ्याचा इस्कोट! आन असल्याला देवाच्या पोराचं नाव?"

तात्यांनी चिपाडाची पेंढी आत सारली. "का रं, तुज्या अंगावर फोड आलं की तू काय म्हनतोस? देवी आल्या म्हनतोस न्हवं?"

 भागूजीच्या गालावर देवीचे वण होते. त्याचा हात आपसूक नमस्कारासाठी कपाळाला गेला. मग थट्टा आपल्या अंगावरून दुसरीकडे न्यायची म्हणून असेल, तो म्हणाला, "म्हंजी बाळ आलं की धंदा बसला म्हना."

नेमक्या त्याच वेळी मी सायकलची घंटी वाजवली.

"आला! बाळ आला!" भागूजी ओरडला, आणि सगळं गुऱ्हाळ हसलं. तात्या हसले. आबा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मला काहीच माहीत नव्हतं. आधीची सगळी गोष्ट मला नंतर आईनं सांगितली. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की माझं नाव घेऊन माझे वडील एका परक्या माणसाबरोबर हसताहेत.

त्यानंतर रोज तेच. लिंबाखालून घंटी वाजली की कोणीतरी म्हणायचं, "ऊन पानी आलं." मी चुलवाणापाशी गेलो की बोलणं तुटायचं. सगळे माझ्याकडे बघत बसायचे. रसाला उकळी फुटल्याचा तेवढा आवाज. मी थोडा वेळ बसायचो, जाळाकडे बघायचो आणि उठून घरी जायचो. ओसरीवर पोचेपर्यंत मागं पुन्हा बोलणं सुरू झालेलं ऐकू यायचं. माझ्या येण्यानं मासळी पळते, हे मला पटायला लागलं.

एकदा मी तयारीनं गेलो. शाळेतलं पुस्तक चाळून ठेवलं होतं. त्यात पेरूच्या किनाऱ्याचा थंड प्रवाह होता, ऊन पाण्याचं बाळ कुठंच नव्हतं. मी तात्यांना विचारलं, "तुमचा पेरू नेमका कुठं आहे, तात्या?"

"बिलायतीपासनं डाव्या हाताला."

"तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. आणि असल्या बाळाचं नाव पुस्तकात कुठंही नाही."

तात्या जरासुद्धा रागावले नाहीत. "पुस्तक गेलं आसंल तिकडं, पर त्या वर्साला गेलं नसंल."

सगळे हसले. मी आबांकडे वळून म्हणालो, "आणि आबा, आता मला चारचौघांत बाळ म्हणत जाऊ नका. मी मास्तर आहे."

आबा चिपाडं सारत होते. त्यांचा हात थांबला. "बरं," ते म्हणाले. "मास्तर."

ती हाक तिथंच संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "मास्तर, जेवलास का?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी मागितलं ते त्यांनी दिलं होतं. मी वाट बघत राहिलो की चुकून कधीतरी तोंडातून जुनं नाव येईल. आबा चुकले नाहीत. आणि याचा सगळा दोष मी मनातल्या मनात तात्यांच्या अंगावर टाकला. मला वाटे, या माणसानं आधी माझी जागा घेतली, मग माझे वडील घेतले आणि शेवटी माझं नावही त्याच्या समुद्रात बुडवलं.

खरं सांगायचं तर गोष्ट मलाही आवडत होती. हेव्यात हेच वाईट असतं. ओसरीवर बसून मी कान तिकडे लावायचो. त्या बाळाच्या वर्षी किनाऱ्यालगतच्या वाळवंटात पाऊस पडला आणि वाळूत गुडघाभर गवत उगवलं, असं तात्या सांगत होते. आबा म्हणाले, "म्हंजी एकाचं बुडालं आन एकाचं पिकलं."

"व्हय की. शेळ्यावाल्याला बाळ ग्वाड लागतं. कोळ्यालाच तेवढं नगं आसतं. आन कोळ्याला बी रोजचं नगं न्हाय. दरसाल येतं की ते. चार दिस ऱ्हातं, जातं. येखाद्या वर्साला मुक्काम वाढतो, तवाच घोटाळा हुतो."

एकदा आबांनी विचारलं, "त्या बाळाचा पाय हितवर पोचतो का, तात्या?" मी तेव्हा गूळ बघायला म्हणून तिथं उभा होतो. तात्या म्हणाले, "छ्या, लई लांब." मीही म्हणालो, "काही संबंध नाही, आबा." तात्यांचं आणि माझं एकमत झालेली ती एकच गोष्ट. आता अभ्यासक म्हणतात की आपल्या पावसाचाही त्या पाण्याशी संबंध असावा. म्हणजे त्यात आम्ही दोघंही चुकलोच होतो.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात तात्यांना खोकला लागला. आधी कोळशाचा धूर, मग चिपाडांचा. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा आबांनी त्यांना गुऱ्हाळातल्या खोपटातून उचलून घरी आणलं आणि ओसरीवर माझ्या बाजेवर झोपवलं. मी आतल्या खोलीत घोंगडीवर झोपू लागलो. दुपारची सुट्टी असली की बघायचो, आबा त्यांच्या उशाशी बसलेले असायचे. अंग पुसायला आईनं ऊन पाणी आणलं की तात्या मान हलवायचे. मग आबा त्यात थंड पाणी ओतायचे, स्वतःचा हात मनगटापर्यंत बुडवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गार हाय. बेस हाय." माणूस मरणाच्या दारात होता आणि माझ्या मनात काय यावं? की मी तापानं फणफणलो होतो तेव्हा आबांनी माझ्यासाठी असा हात बुडवला होता का? मी तेव्हाही स्वतःला विचारलं होतं, हा कुठला माणूस झालोस तू. पण प्रश्न विचारल्यानं हेवा जात नाही.

पुढं जरा बरं वाटल्यावर तात्यांनी हट्ट धरला, इंदापूरला पोचवा. जमिनीनं ओळखलं नाही तरी चालेल, भीमेचं पाणी ओळखेल. आबा गुऱ्हाळ सोडून जाऊ शकत नव्हते. "मास्तर," ते म्हणाले, "तू जा." शाळेतून रजा काढून मी त्यांना सायकलवर मागं बसवून बारामतीच्या स्टँडवर नेलं आणि एसटीत खिडकीशी बसवलं.

भिगवण चौक मागं पडला, गाडी उघड्या माळाला लागली. शेवटी तेच म्हणाले, "मास्तर म्हनू का बाळ म्हनू?"

"काहीही म्हणा."

"तुमास्नी राग हाय माजा."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाण्याचा तांब्या पुढं केला. प्यायच्या आधी त्यांनी त्यात बोट बुडवून बघितलंच.

"तुमी गुऱ्हाळात आला की आमी गप का हुयाचो, ठाव हाय?"

"थट्टा करत होता माझी."

"थट्टा पयल्या दिशी. दुसऱ्या दिशी आबा आमाला म्हनलं, 'माजं बाळ दिसभर दुसऱ्याच्या पोरांसंगं बोलून येतं. घरी आल्यावर त्याला बोलायला जागा ठिवा. तुमी लई बोलता.' त्या दिसापास्नं घंटी वाजली, 'ऊन पानी आलं' आसा इशारा झाला, की आमी त्वांड मिटायचो. जागा ठिवायचो. तुमी यायचा, बसायचा, उठून जायचा." त्यांनी तांब्या परत माझ्या हातात दिला. "आमाला वाटायचं, आज तरी बोलतील."

 मी म्हणालो, "पण आबांना तुमच्या गोष्टी आवडायच्या."

"माज्या?" तात्या हसायला गेले आणि खोकले. "मी पयल्यांदा आलो तवा आबांनी काय इचारलं सांगू? म्हनलं, 'तात्या, तुमी जग बघितलंय. भूगोल म्हंजी काय आसतं, वाईच सांगा. माजं बाळ शाळंत त्योच शिकिवतं. त्याला इचारायची मला लाज वाटती.' म्हनून मी पेरू काढला. मला तरी दुसरा कुटला भूगोल येतोय?"

गाडी चालली होती. पुढच्या बाकावरची बाई मुलाला दाणे सोलून देत होती. मी दोन्ही हातांनी तांब्या धरून बसलो होतो.

"आन येक," तात्या म्हणाले. "त्या कोळ्यांनी बाळ नाव रागानं ठिवलं न्हाय. मी इचारलं हुतं. म्हातारबा म्हनला, वर्साला येकदा पानी ऊन हुतं, होड्या वडून ठिवतो, जाळी शिवतो, चार दिस घरातल्या मानसांत बसतो. म्हनून बाळ. नाव आनंदाचं हाय. पुढं त्याचा मुक्काम वाढला, त्याला नाव काय करंल?"

इंदापूरला त्यांचा पुतण्या बैलगाडी घेऊन आला होता. स्टँडवर पाण्याचा रांजण होता. तात्यांनी त्यात हात बुडवला, डोळे मिटले, पण निकाल सांगितला नाही. नुसतंच माझ्याकडे बघितलं. मग गाडीत चढताना म्हणाले, "जावा. आबा वाट बघत आसतील." मी त्यांच्या पाया पडलो. 

आषाढात ते गेल्याचा निरोप आला. नात्याचं सुतक नव्हतं, तरी आबा उठले आणि कालव्यावर जाऊन अंघोळ करून आले. त्यांच्या पाठोपाठ मीही गेलो. आता वर्तमानपत्रात कधीमधी त्या येल निन्योचं नाव येतं, लोक त्याचा उच्चार निरनिराळा करतात, आणि ते वाचलं की मला आधी चिपाडांच्या धुराचा वास येतो. हेवा माझ्याकडे अजूनही येतो, दरसाल, कोणा ना कोणाविषयी. मी त्याला मुक्काम वाढवू देत नाही, एवढंच तात्यांकडून शिकलो.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवशीची संध्याकाळ, इंदापूरहून परतल्याची. सायकल लिंबाला टेकवली. घंटी वाजवली नाही. चुलवाणापाशी आबा एकटेच होते. आगीवर दुसरा माणूस मिळाला नव्हता, म्हणून स्वतःच चिपाडं सारत होते. भागूजी पलीकडे गुळाच्या ढेपा लावत होता.

"पोचिवलं?" आबांनी विचारलं.

"पोचवलं."

मग नेहमीसारखी शांतता झाली. रसाला उकळी फुटत होती. आबांच्या उजव्या हाताचं पोतं रिकामं होतं. मी त्यावर बसलो. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण चिपाडं सारायचा त्यांचा हात हळू झाला. ते जागा ठेवत होते. इतके दिवस ठेवत होते.

मी म्हणालो, "आबा, पेरूच्या किनाऱ्याचं पाणी एरवी एवढं गार का असतं, सांगू?"

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून ते पलीकडे वळले.

"भागूजी," त्यांनी हाक मारली, "ठिव त्या ढेपा. ये हिकडं. बाळ आलंय."